तुम्ही विचारलंत म्हणून: निपाणीची पोर आणि निकोटीनची बाटली

"काय गं, तिकडं नोकरीला घेताना मुतात तंबाखू बघत्यात म्हणं?"

निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. तिथे माहेरी गेले की पहिल्या चहालाच हा प्रश्न येतो. विचारणारे मामा असतात आणि विचारताना तळहातावर चुना-तंबाखूची मळणी चालू असते. त्यावर मामींचा दुसरा प्रश्न ठरलेला: "आणि तू हितली असून त्ये काम करतीस?" गेल्या खेपेला शेजारच्या वहिनींनीही विचारलं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो, बघतात. सगळीकडे नाही, पण बघतात. मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका इस्पितळात नोकरीपूर्व तपासणीच्या खोलीत काम करते. उमेदवार येतो, मी त्याला प्लॅस्टिकची बाटली देते, तो भरून आणतो, मी झाकण लावून चिठ्ठी चिकटवते. प्रयोगशाळा त्या नमुन्यात अफू-गांज्याच्या जोडीने कोटिनीन शोधते. तंबाखूतलं निकोटीन रक्तात दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे ते हाती लागणं अवघड. शरीर त्याचं कोटिनीन करतं आणि ते निम्मं व्हायलाच सोळा ते वीस तास लागतात. म्हणून सोमवारी तपासणी असली तर शनिवारची सिगारेट सापडू शकते. आमच्याकडची रेष एका मिलीलीटरला 200 नॅनोग्रॅमची. शेजाऱ्याच्या धुरामुळे सहसा कुणी तिच्यावर जात नाही. तिच्यावर गेलात तर नोकरी नाही, मग तुम्ही भूलतज्ज्ञ असा नाहीतर फरशी पुसणारे.

हे खूळ आमच्या इस्पितळाच्या डोक्यातून निघालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 च्या डिसेंबरपासून धूम्रपान करणाऱ्यांना नोकरीवर घेणं बंद केलं. त्याच वर्षी मिशिगनमधल्या वेको नावाच्या कंपनीने तर आधीपासून कामावर असलेल्या चौघांना तंबाखूपायी घरी पाठवलं. आमच्याच राज्यातल्या क्लीव्हलंड क्लिनिकने 2007 च्या सप्टेंबरात नव्या भरतीला ही चाचणी लावली. तिथले तेव्हाचे प्रमुख टोबी कॉसग्रोव्ह पुढे म्हणून गेले की कायद्याची अडचण नसती तर लठ्ठ माणसांनाही घेतलं नसतं. नंतर त्यांना कर्मचाऱ्यांची माफी मागावी लागली. मला तो माणूस निदान प्रामाणिक वाटला. बाकीचे जे मनात ठेवतात ते त्याने बोलून दाखवलं.

मालकांचं गणित काय? अमेरिकेत कामगाराच्या औषधपाण्याचा मोठा भार मालकाच्या विम्यावर असतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली हिशेब मांडला की सिगारेट ओढणारा नोकर मालकाला वर्षाला साधारण 5,800 डॉलर जास्त महाग पडतो. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा औषधांचा नाही, सिगारेटसाठी बाहेर जाण्यात मोडलेल्या वेळेचा आहे. म्हणजे दर तासाला चहाला उठणाऱ्या माणसालाही हाच न्याय लावता येईल. पण चहाची चाचणी मी अजून केलेली नाही.

आणि हे सगळ्या राज्यांत चालतही नाही. एकोणतीस राज्यांत धूम्रपान करणाऱ्याला, किंवा कामाच्या वेळेबाहेर कायदेशीर वस्तू वापरणाऱ्याला, कायद्याचं संरक्षण आहे. त्यात केंटकी आणि नॉर्थ कॅरोलायना आहेत. दोन्ही तंबाखू पिकवणारी. हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी मळणी थांबवली आणि म्हणाले, "म्हंजे तिथं आपली मान्सं हाईत." ओहायोत असा कायदा नाही.

आता मामींच्या प्रश्नाकडे येते. हा जड आहे.

आमचं घर तंबाखूवर उभं राहिलं. आजोबांचं दीड एकर, त्यात तंबाखू. शेंडे खुडायच्या दिवसांत हाताला चिकट काळा राप बसायचा. कितीही घासा, भाकरी कडूच लागायची. आज्जी वखारीत जायची. नाकातोंडाला लुगड्याचा पदर बांधून दिवसभर तंबाखूच्या धुराळ्यात, आणि संध्याकाळी घरी आली की शिंकांनी घर हलायचं. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीच्या हमरस्त्यावर बसले आणि एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली, त्या दिवसांत माझी आई पोटुशी होती. ती मी. माझी शाळा, कॉलेज, डीएमएलटीची, म्हणजे प्रयोगशाळेच्या पदविकेची फी, सगळं त्या पाल्यातून आलं.

आणि माझे थोरले काकाही त्याच पाल्याने नेले. गालाच्या आतून सुरू झालं, मग जबडा काढला, मग काही काढायला उरलं नाही. शेवटचे तीन महिने ते पाटीवर लिहून बोलायचे. तेव्हा कुणी असं समजू नये की मी तंबाखूची वकिली करते आहे. मामांच्या हातातली चंची मी दोनदा लपवली आहे, एकदा चुलीतही घातली आहे.

पण माझी स्वतःची चाचणी सांगते. 2012 साली इथे रुजू झाले तेव्हा निपाणीहून परतून चारच दिवस झाले होते. तिथे दोन दुपारी मी मावशीच्या मांडीला मांडी लावून विड्या वळत बसले होते, गप्पा मारायला म्हणून. ओठाला काही लावलं नव्हतं. इथे अर्जावर 'निकोटीनचा वापर: नाही' यापुढे सही केली आणि सही करता करता हात थबकला. कारण निकोटीन कातडीतूनही शिरतं. ओली पानं खुडणाऱ्यांना त्यामुळे चक्कर येते, वांत्या होतात, त्या दुखण्याला नावही आहे, हिरव्या तंबाखूचा आजार. मुंबईत टाटांच्या कर्करोग संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी विडी कामगारांच्या लघवीत कोटिनीन मोजलं आहे, हे मी शिकताना वाचलं होतं. दोन दुपारींनी काही होत नाही हे मला कळत होतं. तरी निकालाचा कागद मी दोनदा उघडून बघितला. कोटिनीन आलं नव्हतं.

त्या रात्री आज्जी डोक्यातून जाईना. तिने आयुष्यात मिश्रीसुद्धा लावली नाही. वास आला तरी मळमळतं म्हणायची. तिला कुणी ही बाटली दिली असती तर? काय सांगता, रेषेवर गेलीही असती. चाचणीला एवढंच कळतं की निकोटीन आत गेलं. ते कुठल्या वाटेने गेलं, हे ती विचारत नाही.

याचा खरा चटका मला दोन-तीन वर्षांनी बसला. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भांडी धुण्याच्या जागेसाठी एक पन्नाशीतला माणूस आला. बाटली घेण्याआधीच बाही वर करून त्याने दंडावरची निकोटीनची पट्टी दाखवली. म्हणाला, पाच आठवडे झाले, सिगारेट सोडली आहे, त्यासाठी ही पट्टी डॉक्टरांनीच दिली आहे. मी ते अर्जावर लिहिलं. पट्टीतल्या निकोटीनचंही कोटिनीनच होतं. पट्टीवाला आणि ओढणारा यांत फरक करणारी वेगळी चाचणी असते. अॅनाबेसिन नावाचं द्रव्य तंबाखूत असतं, पट्टीत नसतं. पण तिचे पैसे जास्त पडतात, आणि आमच्या नियमात शब्द 'तंबाखूमुक्त' नव्हता, 'निकोटीनमुक्त' होता. त्यामुळे पट्टीही वर्ज्य. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी त्याला बाटली दिली. जाताना त्याने एवढंच विचारलं की पार्किंगचे पैसे परत मिळतात का. मिळत नाहीत.

नियम सांगतो की असा माणूस नव्वद दिवसांनी पुन्हा अर्ज करू शकतो, सोडवण्यासाठी मदतही देऊ. कागदावर छान आहे. पण भांडी धुणाऱ्याच्या घरात नव्वद दिवस कसे जातात हे ज्यांनी नियम केला त्यांना कुणी विचारलं होतं का? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बेकार लोकांचा वर्षभर माग काढला. सिगारेट न ओढणाऱ्यांपैकी 56 टक्क्यांना वर्षात काम मिळालं, ओढणाऱ्यांपैकी 27 टक्क्यांना, आणि मिळालं त्यांचा पगारही तासाला पाचेक डॉलरने कमी. माझ्या खोलीतही जे अडकतात त्यात शस्त्रक्रिया करणारा एकही नाही. साफसफाईचे, स्वयंपाकघरातले, स्ट्रेचर ढकलणारे. ज्याला विम्याची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दारातून परत.

इस्पितळाच्या आवारात ओढू नका म्हणा, मी दारावर उभी राहून हटकेन. विम्याचा हप्ता थोडा जास्त घ्या, तेही समजू शकते. पण घरी जाऊन माणसाने काय केलं हे त्याच्या मूत्राशयात शोधायचा हक्क पगार देणाऱ्याला आहे, हे इतकी वर्षं बाटल्या भरवूनही मला पटलेलं नाही. मग सोडत का नाहीस, म्हणता मामी? घराचे हप्ते आहेत. हे उत्तर तुम्हाला निपाणीत बसून नीट कळेल. वखारीतल्या बायकांनाही काही तंबाखूची माया नव्हती.

आपल्याकडेही वारं येतंय बरं का. झारखंड सरकारने कर्मचाऱ्यांकडून तंबाखू न खाण्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. प्रतिज्ञापत्र आपल्याला झेपतं, सही केली की झालं. लघवी तपासली तर कचेऱ्या ओस पडतील. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले 28.6 टक्के प्रौढ तंबाखूवाले निघाले होते, आणि बहुतेकांची तंबाखू धुराची नव्हतीच, तोंडात धरायची होती.

परवा मामांच्या नातवाचा फोन आला. तो शिकायला इकडे आलाय, एका इस्पितळात अर्धवेळ कामाचा अर्ज भरतोय. "आत्या, हितं 'निकोटीन वापरता का' असं विचारलंय. नाही लिहू ना? मी सिगारेट ओढत न्हाई."

"आणि मावा?"

"मावा म्हंजे सुपारी असती की गं."

मी म्हटलं, "हे मला सांगू नकोस, बाटलीला सांग."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग हळूच, "किती दिवस र्‍हातंय गं आत्या त्ये?"