खडूचा रॅम्प

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाला रॅम्प हवा होता. मी आर्किटेक्ट आणि तिथलीच सभासद, त्यामुळे फुकटात सापडले. जोतं ४५ सेंटिमीटर, तीन पायऱ्या. एकास बाराचा उतार, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी, धरला तर ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबी लागते आणि अंगण जेमतेम ४ मीटर. म्हणून उतार मध्ये वळवला. नकाशा तासाभरात झाला, मी स्वतःवर खूशही झाले.

बांधण्याआधी ज्यांना वापरायचाय त्यांना दाखवा, हे सुचलं ग्रंथपालबाईंना. मला नाही. जूनमधल्या एका रविवारी सकाळीच अंगणात खऱ्या मापाचा रॅम्प खडूने आखला, दारही खडूचंच, आणि तिघांना बोलावलं.

व्हीलचेअरवरच्या शिक्षिकाबाई रेघांमधून फिरून खडूच्या दाराशी थांबल्या. "हे उघडतं कुठे?"

"बाहेर."

"मग ओढताना मी मागे सरकणार. मागे तर तुमचा उतार!"

दारापुढे मी ९० सेंटिमीटर सोडले होते. खाली बसून पुसलं, दीड मीटर केलं, दार आत उघडायचं ठरवलं.

मग विद्यापीठात एम. ए. करणारी अंध मुलगी. तिच्यासाठी फाटकापासून पायऱ्यांपर्यंत उठावाच्या फरशा आखल्या होत्या. लांब पट्ट्या म्हणजे चाला, ठिपके म्हणजे थांबा. सेइची मियाके या जपानी गृहस्थांची ही कल्पना, १९६७ साली ओकायामात पहिल्यांदा बसवली गेली. हे सगळं मी तिला उत्साहाने सांगत होते. तिने शांतपणे विचारलं, "ताई, पण खडू मला कसा कळणार?"

ग्रंथपालबाईंनी गठ्ठे बांधायची सुतळी आणली आणि रेघेवर चिकटपट्टीने बसवली. मुलगी काठी टेकवत झपझप निघाली, आणि पायरीशी काठी कुणाच्या तरी सँडलच्या पट्ट्यात अडकली. आत पेपर वाचणाऱ्या मंडळींच्या वीसेक चपला तिथे पसरल्या होत्या. "तुमची वाट चपलांत संपते," ती हसत म्हणाली.

तिसरे समोरच्या गल्लीतले काका. लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा. चहा येईपर्यंत ते काही बोललेच नाहीत.

"मला रॅम्प नको, बाई. तीन पायऱ्या मी चढतो, धरायला कठडा द्या." मग काठीने दारावरची पाटी दाखवली : चपला-बूट बाहेर काढावेत. "हिचं काय करणार?"

त्यांनी पॅन्ट वर केली. दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्या खाली थेट बुटाच्या टाचेत बसवलेल्या. बूट काढायचा तर अख्खा कॅलिपर सोडायचा, आणि मग उभं राहायचं कशावर? बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा ते आत आले होते. कुणीतरी "बूट!" म्हणून ओरडलं, ते परत गेले. तेव्हापासून सूनबाई पुस्तकं नेतात.

"तिला रहस्यकथा आवडतात. मला नाही आवडत."

सयाजीरावांनी १९१० पासून राज्यभर वाचनालयं उभारली, पेट्या भरभरून पुस्तकं खेड्यांत पाठवली, हे आम्ही बडोदेकर कुणालाही ऐकवतो. काकांचं घर वाचनालयापासून चाळीस पावलांवर आहे. मी मोजली.

कार्यकारिणीतले एक जण म्हणाले, पावसाळ्यात चिखल येईल. दुसरे म्हणाले, ठराव करावा लागेल. तोवर ग्रंथपालबाईंनी पेचकस आणून पाटी उतरवलीसुद्धा. दारात ओलं पायपुसणं टाकलं, चपलांसाठी भिंतीकडेला मांडणी ठेवायचं ठरलं. रॅम्पचं काम दिवाळीनंतर.

काका आत गेले. प्रवासवर्णनांच्या कपाटाशी पाऊण तास उभे होते. मग खुर्चीवर बसले, कॅलिपरची गुडघ्याजवळची कडी खट्कन सोडली आणि तीन पुस्तकं टेबलावर ठेवली.

"एका कार्डावर दोनच मिळतात," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

यावर मात्र दोघांचं बराच वेळ भांडण झालं.