फटके समुद्राला, पूल मात्र पक्का

इराणचा बादशहा झर्क्सीस याने समुद्राला तीनशे फटके मारायला लावले, ही गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. इ.स.पू. ४८० च्या ग्रीसवरच्या स्वारीआधीची ही गोष्ट. आशियातून युरोपात फौज उतरवायची म्हणून हेलेस्पाँटवर, म्हणजे आजच्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीवर, दोन पूल टाकले होते. फिनिशियन लोकांनी जवसाच्या वाखाच्या पांढऱ्या दोरांवर एक, इजिप्तच्या लोकांनी पपायरसच्या दोरांवर दुसरा. काम पुरं झालं आणि वादळ आलं. दोन्ही पूल गेले. बादशहाने पाण्याला फटके मारवले, पाण्यात बेड्या टाकवल्या, आणि पुलाच्या कामावर ज्यांची देखरेख होती त्यांची मुंडकी उडवली.

लोक फटक्यांवर हसतात आणि पुढे जातात. मी मुंडक्यांपाशी अडतो. मी सॅपर, म्हणजे लष्करातला पूल-रस्ते बांधणारा. खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झालो आणि नोकरीचा बराचसा काळ पाण्यावर तरंगते पूल टाकण्यात आणि उचलण्यात गेला. पूल वाहून गेला की पहिला प्रश्न कुणाला विचारतात ते मला माहीत आहे.

पण खरी गोष्ट मुंडक्यांनंतर सुरू होते. दुसऱ्या लोकांना बोलावलं आणि त्यांनी पूल नव्याने बांधले. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने तो बांधकामाचा भाग इतका बारकाईने लिहिला आहे की वाचताना वाटतं, हा माणूस कुणातरी कारागिराशेजारी बसून सगळं विचारून आला असणार. स्वारी झाली तेव्हा तो लहान मूल होता. त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं काही नाही, पण ऐकलेलं पक्कं आहे.

काळ्या समुद्राकडच्या पुलाला ३६० गलबतं, एजियनकडच्या पुलाला ३१४. पन्नास वल्ह्यांची आणि तीन मजली वल्ह्यांची, दोन्ही प्रकारची युद्धनौका. ती शेजारी शेजारी लावली, तोंड प्रवाहाच्या दिशेने. हे वाचलं आणि मी मान डोलावली. प्रवाहाला आडवी होडी म्हणजे पाण्याला फळी धरल्यासारखं, सगळा जोर दोरावर येतो. दार्दानेल्सला वरचं पाणी मार्मारा समुद्राकडून एजियनकडे वाहतं आणि खाली खोलवर जड, खारं पाणी उलट दिशेने जातं. जोडीला वारा कधी उत्तरेचा, कधी दक्षिणेचा. म्हणून त्यांनी भले मोठे नांगर टाकले, एका पुलाचे काळ्या समुद्राकडे आणि दुसऱ्याचे एजियनकडे, कारण वारे दोन्ही बाजूंनी येतात. आम्हीही वरच्या अंगाचे नांगर आणि खालच्या अंगाचे नांगर असा हिशेब वेगळा ठेवतो. त्याशिवाय लहान होड्यांना जा-ये करता यावी म्हणून पुलात मोकळ्या जागा सोडल्या होत्या. लढाईच्या घाईत नावाड्यांची सोय पाहणारा माणूस मला आवडतो.

मग दोर. पहिल्या वेळी एका पुलाला एकाच जातीचा दोर होता. या वेळी प्रत्येक पुलाला दोन जवसाचे आणि चार पपायरसचे, असे सहा, किनाऱ्यावरच्या लाकडी रहाटांनी ताणलेले. चूक कुठे झाली हे कुणीतरी शांतपणे शोधून काढलं, ते इथे दिसतं. हिरोडोटस म्हणतो जवसाचा दोर हातभर लांबीला एक टॅलंट भरायचा. टॅलंट सुमारे २६ किलो धरा, हात सुमारे ४६ सेंटिमीटर. म्हणजे मीटरला ५५ किलोच्या वर. सामुद्रधुनी त्याच्या मापाने सात स्टेडिया, साधारण १३०० मीटर. एक दोर ७० टनांच्या पुढे गेला! जाडी वीतभरापेक्षा जास्त. असा दोर अख्खा कुणी ओढून नेत नाही. माझ्या मते तो तुकड्यातुकड्यांनी होड्यांवर चढवून जागेवर जोडला असणार, आणि तो जोड घालणारा वस्ताद कोण होता त्याचं नाव कुठेही नाही.

दोरांवर फळ्या, फळ्यांवर काटक्या-झुडपं, त्यावर माती चोपून घट्ट केलेली. आणि दोन्ही बाजूंना कुंपण, घोड्यांना नि ओझ्याच्या जनावरांना खालचं पाणी दिसून ती बिथरू नयेत म्हणून. तरंगत्या पुलावर खेचर चढवलेल्या माणसाला हे कुंपण सगळ्यात आधी पटेल. खेचराला पाय ठेवल्यावर पूल दबलेला कळतो, आणि एकदा ते अडलं की मागची सगळी रांग अडते.

सूर्योदयाची वाट बघत पुलावर धूप जाळला, हिरव्या फांद्या अंथरल्या. बादशहाने सोन्याच्या पेल्याने समुद्रात अर्घ्य दिलं आणि पेला, एक सोन्याचं भांडं, तलवार, तिन्ही पाण्यात टाकली. हे सूर्यासाठी की फटक्यांचा पश्चात्ताप म्हणून, हिरोडोटसलाही सांगता येत नाही. आम्हीही नारळ फोडल्याशिवाय पहिली गाडी सोडत नाही, त्यामुळे मला त्यात विशेष वाटलं नाही. पायदळ आणि घोडदळ काळ्या समुद्राकडच्या पुलावरून, सामानाची जनावरं आणि नोकरचाकर एजियनकडच्या पुलावरून. वाहतूक वेगळी करायची अक्कल तेव्हाही होती. सात दिवस आणि सात रात्री, न थांबता, चाबकाच्या धाकाखाली फौज उतरली.

आमचा नातू कॉलेजात आहे, त्याला हे सांगत होतो. तो म्हणाला, "आबा, पण सतरा लाख माणसं सात दिवसांत जातील का?" सतरा लाख हा हिरोडोटसचा पायदळाचा आकडा. मी म्हटलं, कागद घे. चार-चारची रांग, दोन ओळींत दीड मीटर अंतर, ताशी चार किलोमीटर चाल. तासाला साडेदहा हजार माणसं निघाली. १६८ तासांत सतरा लाख पार! पोरगं खूश झालं. मग त्याला म्हटलं, आता रांग मोज. सव्वाचार लाख ओळी गुणिले दीड मीटर, ६३७ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून निघालेल्या रांगेचं डोकं गोव्याच्या पुढे आणि शेपूट अजून मुंबईतच. एवढ्यांना रोज पाणी कोण पाजणार? आजचे अभ्यासक आकडा एक ते तीन लाखांच्या दरम्यान कुठेतरी धरतात, आणि सामानाची जनावरं धरून मला तोही पुरेसा भयंकर वाटतो. हिरोडोटस स्वतःच पुढे एके ठिकाणी म्हणून जातो की युरोपात उतरायला एक महिना लागला. सात दिवस लढाऊ फौजेचे आणि महिना सगळ्या लटांबरासकट, असं मी समजतो.

त्या रांगेत आपल्याकडचेही होते, सिंधू खोऱ्यातले. सुती कपडे, वेताची धनुष्यं, लोखंडी टोकाचे बाण. पुढच्या वर्षी ते ग्रीसमधल्या प्लाटियाच्या रणांगणापर्यंत गेले.

पुलाइतकंच माझं लक्ष ॲथॉसच्या कालव्याकडे जातं. इ.स.पू. ४९२ मध्ये ॲथॉसच्या डोंगराला वळसा घालताना इराणी आरमार वादळात फुटलं होतं, म्हणून या वेळी डोंगरामागची चिंचोळी जमीनच कापली. तीन वर्षं काम. बाकीच्यांनी कडा उभ्या खणल्या आणि त्या ढासळून दुप्पट मेहनत पडली. फिनिशियन लोकांनी वरची रुंदी खालच्या दुप्पट धरली आणि उतार देत खाली गेले. जमिनीखालचा शोध घेणाऱ्या यंत्रांनी अलीकडे तो बुजलेला कालवा सापडला, सुमारे दोन किलोमीटर लांब आणि वर तीसेक मीटर रुंद. हिरोडोटस म्हणतो गलबतं जमिनीवरून ओढून नेता आली असती, कालवा निव्वळ मिजाशीपायी खणला. इथे मी त्याच्याशी सहमत नाही. शेकडो युद्धनौका ओढून नेणं म्हणजे काय, हे ओढणाऱ्याला विचारावं.

थर्मोपिलीची खिंड आणि ती अडवणारे स्पार्टाचे तीनशे यांच्यावर सगळे लिहितात, मी लिहीत नाही. सॅलॅमिसला इराणी आरमार हरलं, तिथून पुढचं सांगतो, कारण त्यानंतर सगळ्यांची नजर पुन्हा पुलावर गेली. अथेन्सचा थेमिस्टोक्लीस म्हणाला, आरमार घेऊन सरळ हेलेस्पाँटला जाऊ आणि पूल तोडू. स्पार्टाचा युरिबियाडीस म्हणाला, नको. कोंडलेला शत्रू ग्रीसचंच धान्य खात लढत बसेल, त्याला वाट मोकळी ठेवा. थेमिस्टोक्लीसने ताबडतोब पगडी फिरवली. आपल्या लोकांना थांबवलं आणि वर झर्क्सीसला गुपचूप निरोप धाडला की पूल तोडायला निघालेल्या ग्रीकांना मीच अडवलं आहे, तू निवांत जा. पुढे अथेन्सने त्याला हाकललं तेव्हा तो झर्क्सीसच्याच मुलाच्या आश्रयाला गेला आणि हा उपकार त्याने तिथे मोजून घेतला. असा माणूस सरपंचकीला उभा राहिला तर पडायचा नाही.

झर्क्सीस आपला सेनापती मार्डोनियस याला निवडक फौजेसह मागे ठेवून ४५ दिवसांत हेलेस्पाँटला आला. वाटेत धान्य संपलं, माणसांनी गवत आणि झाडांच्या साली खाल्ल्या, हगवणीने मेली. आणि काठावर येऊन पाहतात तर पूल वादळाने आधीच मोडलेला. फौज होड्यांतून पलीकडे गेली. ज्या पुलासाठी दोन्ही बाजूंच्या मोठ्या डोक्यांनी एवढा काथ्याकूट केला, तो तोडायला कुणाची गरजच पडली नाही. मला याचं नवल वाटत नाही. ओल्या दोराला ढील पडते, नांगर सरकतात, तरंगता पूल रोज माणसं मागतो. काही महिन्यांपूर्वी बांधलेला पूल हिवाळ्याच्या तोंडावर उभा असता तर मी नवल केलं असतं.

दोर मात्र उरले. एका इराणी अधिकाऱ्याने ते युरोपच्या काठावरच्या सेस्टॉसच्या किल्ल्यात नेऊन ठेवले होते. इ.स.पू. ४७९ मध्ये ग्रीक आरमार पूल तोडायच्या तयारीने आलं, तर तोडायला काही नव्हतं. स्पार्टाचे लोक घरी गेले, अथेन्सवाले हट्टाने सेस्टॉसला वेढा घालून बसले. आत इतकी उपासमार झाली की लोकांनी पलंगाच्या वाद्या उकळून खाल्ल्या. किल्ला पडला आणि अथेन्सवाले लूट घेऊन परतले, त्यात पुलाचे ते दोरही होते, देवळांत वाहायला.

ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवस्थानात अथेन्सवाल्यांनी बांधलेली एक ओवरी आहे, शत्रूकडून मिळवलेल्या वस्तू तिथे वाहिल्याचा लेख अजून दगडावर वाचता येतो. त्या वस्तू म्हणजे हत्यारं की हेलेस्पाँटच्या पुलाचे दोर, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझं मत दोरांच्या बाजूने. ढाली-भाले कुठल्याही लढाईत मिळतात. वीतभर जाडीचा, दोन खंड बांधून ठेवलेला दोर हाती लागल्यावर त्याचा तुकडा देवाला दाखवल्याशिवाय कोण राहील?