घरोघरी फिरून मते मिळतात का?

विधानसभेच्या प्रचारात मी काम करतो हे कळले की नेरूळमधले शेजारी हमखास विचारतात, "लोकांचे मत आधीच ठरलेले असते, मग तुम्ही एवढे जिने चढून मिळवता काय?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सांगतो. मत बदलायला आम्ही जातच नाही. दारात दोन मिनिटे बोलून कोणाचे मत फिरल्याचे मी तरी क्वचितच पाहिले आहे. मतदार यादीतला माणूस त्या घरात राहतो का आणि मतदानाच्या दिवशी तो इथे असेल का, एवढेच पाहायचे असते.

नवी मुंबईत हे काम किचकट आहे. भाडेकरू अकरा महिन्यांचा करार संपला की घर बदलतो, नाव मात्र जुन्याच पत्त्यावर राहते. त्यातून बाजार समितीतल्या अनेक माथाडी कुटुंबांचा जीव सातारा-सांगलीकडे गुंतलेला. 2014 च्या लोकसभेला साताऱ्यात 17 एप्रिलला आणि इथे 24 एप्रिलला मतदान होते, म्हणजे गावाकडचे आटोपून इथे मतदानाला परतता येत होते. 2024 च्या विधानसभेला मात्र सगळ्या 288 जागांसाठी 20 नोव्हेंबर हा एकच दिवस होता. ज्याचे नाव इथल्या यादीत, पण ज्याच्या भावकीतला कोणी गावाकडच्या निवडणुकीत गुंतलेला, तो आदल्या रात्रीची एसटी पकडणार का, हे त्याच्या घरी गेल्याशिवाय कळत नाही.

हातात यादीची छापील प्रत असते आणि समासात पेन्सिलीने "गावी", "बंद", "लग्न होऊन पनवेलला" अशा नोंदी होतात. "मयत" हा शब्द घरच्यांच्या देखत लिहवत नाही, तो जिन्यात येऊन लिहायचा. मोठ्या सोसायटीत सुरक्षारक्षक आधी वर विचारतो, आणि वरून "नको" आले की आख्खी विंग कोरी राहते.

एवढे करूनही यादी दुरुस्त करण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. 2024 मध्ये अर्ज माघारीची मुदत 4 नोव्हेंबरला संपली आणि 18 तारखेच्या संध्याकाळी प्रचार थांबला. त्या दोन आठवड्यांत नाव नोंदणीचा नमुना 6 किंवा पत्ता बदलण्याचा नमुना 8 भरून त्या निवडणुकीपुरता काहीच उपयोग नव्हता. माझ्या मते प्रचाराचा खरा हंगाम याद्यांच्या पुनरीक्षणाचा, म्हणजे नावे तपासून दुरुस्त करण्याचा, असतो, पण तेव्हा आमचे कार्यकर्ते तिकीट कोणाला याच चर्चेत रमलेले असतात.

सभांबद्दलही विचारले जाते. सभेने कार्यकर्त्याला हुरूप येतो, आणि उमेदवाराच्या 40 लाखांच्या खर्चमर्यादेतला मोठा वाटाही जातो.

आमच्या बेलापूर मतदारसंघात 2014 मध्ये मंदा म्हात्रे यांनी गणेश नाईक यांचा सुमारे दीड हजार मतांनी पराभव केला, आणि 2024 मध्ये त्या संदीप नाईक यांच्याविरुद्ध अवघ्या 377 मतांनी निवडून आल्या. एका मतदान केंद्राच्या यादीतही याहून कितीतरी जास्त नावे असतात. म्हणून मतदानाच्या दिवशी दुपारनंतर, केंद्रापासून ठरलेल्या अंतराबाहेरच्या (2024 मध्ये दोनशे मीटर) टेबलावर बसून, अजून न आलेल्यांना आम्ही फोन लावत राहतो. मतदारांना गाडी करून आणणे कायद्याने गुन्हा आहे, पण सहाच्या आत रांगेत उभे राहिलेल्याला मत देता येते, त्यामुळे साडेपाचचा फोनही वाया जात नाही.