बऱ्याच वर्षांनी परत बाईकवर: सातारा ते चाळकेवाडी नव्या आर१५ वर, आणि मागून येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं

कॉलेजात बाईक चालवली, मग नोकरी, लग्न, पोरं, फोर व्हीलर आणि घरात एक स्कूटर, आणि आता चाळिशी ओलांडल्यावर परत बाईक घ्यावीशी वाटतीय, तीही स्पोर्ट्स बाईक, अशी बरीच मंडळी आपल्याकडं आहेत. मी पण त्यातलाच. दिवाळीनंतर नवी यामाहा आर१५ घेतली आणि तिच्यावर पहिली घाटाची राईड केली ती सातारा, सज्जनगड फाटा, ठोसेघर, चाळकेवाडी अशी. ठोसेघर साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर आणि चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार त्याच्या थोडं पुढं, म्हणजे जाऊन येऊन ७० च्या आत काम होतं. परत सुरुवात करणाऱ्यासाठी मला हा रस्ता सगळ्यात बरा वाटतो कारण हायवेला हातच लावावा लागत नाही, समर्थ मंदिराकडून बोगद्यातनं बाहेर पडलं की थेट आपला रस्ता. यवतेश्वर घाटातनं कासला जाणारा रस्ता पण भारी आहे पण फुलांच्या सीझनला आणि शनिवार रविवारी तिकडं एवढ्या गाड्या असतात की नवीन माणसानं तिथं शिकायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता राईडच्या आधीचं सांगतो कारण खरं काम तिथंच आहे. गाडी कुठलीही घ्या, धोका गाडीपेक्षा आपल्या हातापायाला लागलेल्या जुन्या सवयीत असतो. मी शिकलो स्प्लेंडरवर. स्प्लेंडरला चारही गिअर पुढं दाबूनच वर जातात. आर१५ ला पहिला खाली आणि बाकीचे पाच वर, म्हणजे पाय दाबला की गिअर कमी होतो. आता विचार करा, तिसऱ्यात गाडी चांगली ओढतीय, आपण सवयीनं चौथा टाकायला पुढं दाबलं आणि पडला दुसरा, तर मागचं चाक एकदम आवळलं जातं. ह्या गाडीला स्लिपर क्लच आहे त्यामुळं तो झटका बराच कमी होतो पण वळणात झालं तर स्लिपर क्लचवर भरवसा ठेवून चालत नाही. दुसरी सवय स्कूटरची. स्कूटरला डाव्या हाताला ब्रेक असतो. मधली सगळी वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाचा हात अचानक कुत्रं आडवं आलं की दोन्ही लिव्हर दाबतो, आणि बाईकवर डावी लिव्हर म्हणजे क्लच, दाबला की इंजिनाचा ब्रेक गेला, मागचा ब्रेक तर पायात राहिला, आणि गाडी मोकळी पळायला लागली. डोक्याला हे सगळं माहीत असतं हो, पण घाबरल्यावर डोकं नाही, हात चालतो. म्हणून हाताला परत शिकवायला लागतं आणि त्याला रिकामा रस्ताच पाहिजे.

त्यासाठी मी एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी सकाळी जायचो. ट्रक नसतात, रस्ता रुंद असतो, आडवं यायला कुत्र्यांशिवाय कोण नाही. तिथं एकच गोष्ट परत परत केली, ब्रेक. आधी ३० च्या स्पीडवरनं, मग ४०, मग ५०. पुढचा ब्रेक दोन बोटांनी आधी हलका, चाकावर वजन आल्यावर मग घट्ट, आणि पायानं मागचा बेताचा. एबीएस कसा लागतो ते मुद्दाम लावून बघा, लिव्हरमध्ये किंवा पायाखाली थरथर जाणवते, ती थरथर पहिल्यांदा ऐन वेळी जाणवली तर माणूस दचकून ब्रेक सोडतो, आणि सोडायचा नसतोच, धरून ठेवायचा असतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच त्याचं काम, खडीवर गाडी तरी पण लांबच थांबते, आणि गाडी तिरकी असताना जोरात ब्रेक मारला तर एबीएस दरवेळी वाचवेलच असं नाही. एक हिशोब मी पोरांना पण सांगतो, ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते, ८० ला २२ मीटर. म्हणजे आपल्याला कळून हात हलेपर्यंतच एवढं अंतर गेलेलं असतं, ब्रेक लागायचा आहे अजून. आणि स्पीड दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं.

कुठली गाडी घ्यावी ह्यावर थोडं. आर१५ चं इंजिन १५५ सीसीचं, १८.४ पीएस पॉवर, गाडीचं वजन १४० किलोच्या आसपास. स्प्लेंडर साधारण ८ पीएसची. म्हणजे जिथं आपण सोडलं होतं त्याच्या दुपटीपेक्षा जास्त ताकद मिळतीय आणि ती आपल्या रस्त्यांना भरपूर आहे. ओळखीतले लोक लगेच केटीएमची ३९० घे म्हणतात, मी म्हणतो एक वर्ष ही चालवा मग ठरवा. ह्या गाडीला ७४०० आरपीएमच्या वर व्हीव्हीए, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा, चालू होतं, आवाज न् ओढ दोन्ही बदलतं, ते सुरुवातीला सरळ रस्त्यावरच अनुभवायचं, वळणात नाही, आणि तेही रनिंग, म्हणजे नवं इंजिन रुळवणं, झाल्यावर. नव्या गाडीचं पहिलं सर्व्हिसिंग होईपर्यंत मॅन्युअलमध्ये जेवढे आरपीएम दिलेत तेवढ्यातच राहायचं आणि मला वाटतं परत येणाऱ्या माणसासाठी हे चांगलंच आहे, गाडी आणि माणूस दोघांचं रनिंग बरोबरच होतं. नवे टायर पण पहिले १०० - १५० किलोमीटर गुळगुळीत असतात, तेवढे सरळ रस्त्यावर शांतपणे घासून घ्या, कोरेगाव रोडला जाऊन या हवं तर, मग घाट.

कागदपत्रांचं विसरू नका. लायसन काढून बघा. बऱ्याच जणांचं लायसन संपलेलं असतं आणि पत्ताच नसतो. संपून एक वर्षाच्या आत रिन्यू केलं तर परत टेस्ट लागत नाही, वर्ष उलटलं की टेस्ट द्यावी लागते, आणि चाळिशीच्या पुढं डॉक्टरचं सर्टिफिकेट पण लागतं, फॉर्म १ए. अर्ज सारथी ह्या सरकारी वेबसाईटवर ऑनलाईन होतो. डॉक्टरकडं जाताच आहात तर डोळे नीट तपासून घ्या, रात्री समोरच्या लाईटचा त्रास ह्या वयात वाढतो आणि आपल्याला वाटतं समोरच्याचीच लाईट जास्त आहे.

हेल्मेट जुनं माळ्यावरचं काढू नका. आतला थर्माकोल वर्षानुवर्षं पडून खराब होतो, बाहेरनं कळत नाही. आयएसआय मार्कचं फुल फेस, डोक्यात घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, आणि हेल्मेट हलवलं की त्याच्याबरोबर कातडी हलली पाहिजे, असं बसणारं घ्या. काच पांढरी, कारण सकाळी लवकर निघायचं. हातमोजे घ्याच, पडताना माणूस हातच टेकतो. जॅकेटला कोपरात खांद्यात पॅड असावेत, बूट घोटा झाकणारे. हे सगळं मिळून गाडीच्या किंमतीपुढं फार नाही पण लोक क्रॅश गार्ड आणि स्टिकरवर पैसे घालतात आणि चपलेवर गाडी चालवतात, मनापासून वाईट वाटतं बघून.

तर राईड. मी आणि पुतण्या, तो त्याच्या गाडीवर. सकाळी उजाडल्यावर निघालो, अंधारात नाही. पेट्रोल साताऱ्यातच भरलं आणि टायरची हवा थंड असतानाच बघितली. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही पुढं व्हा, मी मागनं येतो. तुमचा जो स्पीड तोच माझा." पोरगं शहाणं आहे. जो हळू किंवा नवा त्यानंच पुढं राहायचं, नाहीतर मागचा माणूस पुढच्याला गाठायच्या नादात आपल्या ताकदीबाहेर पळवतो. तुमच्याबरोबर येणारा असं म्हणणारा नसेल तर एकटे जा, पण पळवणाऱ्याबरोबर जाऊ नका.

बोगद्यातनं बाहेर पडलं की सज्जनगड फाट्यापर्यंत गावं आहेत, सकाळी दूधवाले, शाळेची पोरं, आणि वडाप, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणाऱ्या जीप. वडापवाला हात दाखवलेला माणूस दिसला की जिथं असेल तिथं थांबतो, इंडिकेटर वगैरे काही नाही, त्यामुळं जीपच्या मागं डाव्या कडेला कधी राहू नका, त्याला आपण आरशात दिसू असं आणि अंतर ठेवून राहा. स्पीड ब्रेकरला बऱ्याच ठिकाणी पट्टे नसतात. उरमोडीच्या बाजूनं सकाळी धुकं असतं, काचेवर आतनं वाफ धरते, थोडी उघडून ठेवायची. आणि थंडीत टायर गरम व्हायला वेळ लागतो, पहिले चार पाच किलोमीटर गाडी तिरकी करायची घाई नको.

घाट सुरू झाला की एकच काम, नजर. जिथं बघाल तिथं गाडी जाते, खड्ड्याकडं बघितलं की खड्ड्यातच जाते. वळणाचा शेवट जिथं दिसतोय तिथं बघायचं, स्पीड आणि गिअर वळणाच्या आधीच कमी करायचा, आत शिरल्यावर हलका थ्रॉटल धरून ठेवायचा. उजव्या वळणाला आणखी एक गोष्ट, चाकं आपल्या बाजूला असली तरी गाडी तिरकी झाल्यावर आपलं डोकं मधल्या रेषेच्या पलीकडं जातं, आणि समोरनं एसटी आली तर ती वळायला तेवढी जागा घेतेच. त्यामुळं उजव्या वळणाला डावीकडंच जरा जास्त राहा आणि पुढचा रस्ता पूर्ण दिसेपर्यंत आत येऊ नका. पावसाळ्यानंतर वळणांच्या आतल्या कडेला खडी आणि लाल माती वाहून आलेली असते, सावलीतल्या वळणात ओल आणि शेवाळ पण. तिथं गाडी सरळ ठेवून हळू निघायचं.

अशा गाडीवर बसायची पद्धत पण वेगळी. हँडल खाली आणि पायदान मागं, त्यामुळं वजन मनगटावर येतं आणि अर्ध्या तासात मनगटं, मान, कंबर बोलायला लागतात. उपाय एकच, गुडघ्यानं टाकी धरा, पोट आणि पाठ घट्ट ठेवा, कोपरं सैल. हातावर वजन असेल तर गाडीला वळायचं असून आपणच तिला अडवतो. हँडल फार वळत नाही त्यामुळं अरुंद रस्त्यात यू टर्न मारायला जाऊ नका, उतरून ढकलून वळवा, त्यात काही कमीपणा नाही. सीटची उंची ८१५ मिलिमीटर आहे, साडेपाच फुटाच्या आतल्या माणसानं शोरूममध्ये बूट घालूनच बसून बघावं.

सज्जनगड फाट्यावर चहा घेतला. गडावर समर्थांच्या समाधीला जायचं असेल तर येताना जा, बूट जॅकेट काढायला आणि पायऱ्या चढायला वेळ लागतो आणि घाटाआधी पाय दमवून उपयोग नाही. ठोसेघरच्या धबधब्याला दिवाळीनंतर पाणी कमी झालेलं असतं पण दरी तशीच, बघायला थांबावंच.

ठोसेघरच्या पुढं पठारावर आलं की वारा. इथं पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या, चाळकेवाडी आणि पुढं वनकुसवडे हा सगळा पट्टा वाऱ्याचाच. आडवा वारा ह्या गाडीला जास्त जाणवतो कारण बाजूनं फायबर आहे आणि गाडी हलकी आहे. एकदम झोत आला की लोक हँडल आवळून धरतात आणि गाडी जास्तच हलते. हात सैल, गुडघे घट्ट, छाती टाकीजवळ, स्पीड ५० च्या खाली, आणि रस्त्याच्या कडेपासून जरा आत, म्हणजे ढकलली तरी जागा उरते. कटिंगमधनं, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या रस्त्यातनं, उघड्यावर येताना किंवा समोरनं मोठा ट्रक गेल्यावर झोत येणारच हे आधीच धरून चाला. त्या पठारावर म्हशी पण रस्त्यात उभ्या असतात, हॉर्न वाजवून हलत नाहीत, थांबायचं.

परतीला उतार. न्यूट्रलवर किंवा क्लच दाबून उतरायचं नाही, पेट्रोल वाचवायची ही जुनी खोड आपल्याकडं फार आहे. ज्या गिअरमध्ये चढलो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक थंड राहतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, ती थांबली तर तिला परत उचलायला जड जातं. सगळ्यात जास्त चुका उतारावरच होतात कारण सकाळची भीती गेलेली असते आणि अंग दमलेलं असतं, म्हणून मी ठोसेघरला परत वीसेक मिनिटं बसलो, पाणी प्यालो, मगच खाली निघालो.

दुपारच्या जेवणाला घरी पोचाल अशाच बेतानं निघा. उशीर केला तर अंधार, आणि ह्या दिवसांत साताऱ्यात अंधार म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. कारखाने चालू झाले की दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर, कित्येकांना मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, ऊस बाजूला फूटभर बाहेर आलेला. आपला हेडलाईट त्याच्यावर पडेपर्यंत आपण जवळ पोचलेले असतो. सांडलेल्या उसावरनं आणि चिपाडावरनं चाक सरकतं. शेंद्र्याच्या बाजूला, कोरेगाव, रहिमतपूर, कराड कुठंही जा, सीझन संपेपर्यंत रात्री बाईक काढायची नाही हे मी घरात सांगून ठेवलंय आणि पुतण्याकडनं पण कबूल करून घेतलंय.

घरी आल्यावर चेन गरम असतानाच ल्यूब मारा, टायरमध्ये खडी अडकलीय का बघा. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि मान दुखणारच, आठवड्यात जातं. मनगट दुखत राहिलं तर समजा वजन अजून हँडलवरच आहे, आणि घाटात परत जायच्या आधी एमआयडीसीत एक सकाळ बसण्यावरच घालवा. एकाच रस्त्यावर चार पाच वेळा जा, वळणं पाठ झाली की हात काय करतायत तिकडं लक्ष देता येतं. त्यानंतर मेढा, केळघरवरनं महाबळेश्वर, आणि पसरणी घाट त्याच्याही नंतर, तोही सुट्टीचा दिवस सोडून.