कोर्स नेमका संपतो कधी?

मी कंपनीच्या पेरोल म्हणजे पगार विभागात आहे. नोकरी सोडणाऱ्यांचं ‘फुल अँड फायनल’ माझ्याकडे येतं. शेवटचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, नोटीसचे कमी पडलेले दिवस, सगळं धरून आकडा काढायचा. ग्रॅच्युइटीला मात्र हात लावायचा नाही, हे नव्या मॅनेजरला दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

त्या दिवशी आलेली फाइल एका इंजिनिअरची होती. कंपनीने कर्जाऊ पैसे देऊन त्याला पदव्युत्तर पदवी करायला लावली होती. अट सरळ होती: कोर्स पूर्ण झाल्यापासून 24 महिने थांबा, दर महिन्याला कर्जाचा चोविसावा भाग माफ. शेवटची परीक्षा धरली तर त्याचे 23 महिने झालेले, म्हणजे देणं एका हप्त्याचं. पण विद्यापीठाने प्रमाणपत्र दिलं नऊ महिन्यांनी. ती तारीख धरली तर 14 महिने, देणं दहा हप्त्यांचं. करारात ‘पूर्ण’ म्हणजे काय ते कुठेच नाही, आणि सिस्टीममध्ये तारखेचा रकाना एकच. त्यात कोणीतरी प्रमाणपत्राची तारीख टाकून मोकळं झालेलं.

मी लीगलला लिहिलं, की विद्यापीठाच्या दिरंगाईचा भुर्दंड या माणसाने का भरायचा? शिवाय 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 सांगतं, की करार मोडला तर त्यात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. भरपाई वाजवी तेवढीच. उत्तर एका ओळीचं आलं: ‘सिस्टीमप्रमाणे वसुली करा.’ आमचं लीगल करार वाचत नाही, फक्त लिहितं.

त्याच्या साहेबांचं म्हणणं, ‘आम्ही शिकवलं आणि फायदा दुसऱ्यांना!’ शिकून आल्यावर याच साहेबांनी त्याला जुन्याच कामावर बसवलं होतं.

तो भांडला नाही. पुढच्या आठवड्यात नवीन ठिकाणी रुजू व्हायचं होतं आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, आमच्या टेबलावर अडकलेलं. कोर्टात कदाचित जिंकलाही असता, पण लेटरविना तिथवर जातो कोण? त्याने दहाही हप्ते भरले.

नंतर त्याचा मेसेज आला. नव्या कंपनीने ती रक्कम त्याला भरून दिली होती, पण वर्षाच्या आत सोडलं तर सगळी परत, या अटीवर. सोबत त्या कलमाचा फोटो: ‘मॅडम, हे वर्ष कधीपासून मोजतील?’ मी वाचलं. रुजू झाल्यापासून की पैसे खात्यात आल्यापासून, ते त्यातही नव्हतं. म्हटलं, सही करायच्या आधी तारीख लिहून घ्या.

सही झाली होती.