देवाला हात दाखवायचे का?

आमच्या स्टुडिओकडे मुलांसाठी सृष्टिनिर्मितीच्या कथांची ॲनिमेशन मालिका आली आणि हिब्रू बायबलमधल्या कथेचा स्टोरीबोर्ड माझ्या वाट्याला. स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं : 'देव – वृद्ध, पांढरी दाढी, ढगांत.' सल्लागार म्हणून ठाण्याचे एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, काका यायचे, निवृत्त शिक्षक. त्यांनी पहिलंच पॅनेल बघून विचारलं, "ही दाढी कुठून आणलीस? पांढरे केस दानिएलाच्या दृष्टांतात आहेत. उत्पत्तीत नाहीत."

दानिएल आणि उत्पत्ती ही बायबलमधली दोन पुस्तकं; आमची कथा उत्पत्तीच्या सुरुवातीची. मग ती मीटिंग दुपारभर चालली.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात काढण्यासारखं काही नाहीच. देव बोलतो आणि ते होतं. वेगळं करतो, नावं देतो, चांगलं आहे असं पाहतो. चेहरा नाही, घाम नाही, कुणाशी झगडा नाही. त्यात प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या. "मग सावल्या कुठून पाडू?" मी विचारलं. चौथ्या दिवसापर्यंत सावलीच नाही, असं ठरलं. काका म्हणाले, तिथे सूर्य-चंद्राची नावंही घेतलेली नाहीत, नुसते मोठी ज्योती आणि लहान ज्योती. शेजारपाजारचे लोक ज्यांना देव मानत, ते इथे दिवे. हा अध्याय इ.स.पू. सहाव्या शतकात, ज्यूंना बाबिलोनला नेलं गेलं त्या बंदिवासात किंवा त्याच्या आसपास लिहिला गेला, असं बरेच अभ्यासक मानतात. ते ऐकल्यावर मला त्या 'दिव्यां'तला ठसका कळला.

दुसऱ्या अध्यायात देव एकदम जमिनीवर. मातीतून माणूस घडवतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो, बाग लावतो. माणसाला एकटं राहणं बरं नाही म्हणून एकेक प्राणी त्याच्यापुढे आणतो, हा काय नाव ठेवतो बघायला. त्यातला एकही जोडीला साजत नाही, तेव्हा कुठे बरगडीची गोष्ट. म्हणजे करून बघणारा देव! पुढे तो संध्याकाळच्या गारव्यात बागेत फिरतो आणि विचारतो, "तू कुठे आहेस?" मला हा देव जास्त आवडला, आणि याला हात हवेतच असा मी हट्ट धरला.

"मूर्ती करायची नाही, ही आज्ञा माहीत आहे ना?" काका म्हणाले. मग स्वतःच तोड काढली, "मातीवर बोटांचे ठसे उमटू देत. बोटं काढू नकोस." फिरणं साउंडवाल्याकडे गेलं, कारण मजकुरातही आदाम-हव्वेला चाहूलच लागते. कातड्याची वस्त्रं मात्र जमेनात. सुई आपोआप चालताना भुताचा सिनेमा वाटायला लागला, काकाही हसले. ती दोघं आता थेट तयार कपड्यांत दिसतात.

निर्मात्यांना वेगळीच काळजी. "बाबिलोनच्या भागात मार्दुक देव तिआमत या समुद्रदेवीला चिरून अर्ध्याचं आकाश करतो. इथे ॲक्शन काहीच नाही?"

काकांनी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली. स्तोत्र ७४ : देव समुद्र दुभागतो, लिव्याथान या समुद्री राक्षसाची डोकी ठेचतो, आणि लगेच पुढे सूर्य, उन्हाळा, हिवाळा नेमून देतो. स्तोत्र १०४ मध्ये तोच लिव्याथान समुद्रात खेळायला घडवलेला. उत्पत्तीत तर प्रचंड जलचर पाचव्या दिवशी इतर माशांबरोबर निर्माण होतात, कुणाला ठेचावं लागत नाही. एकाच ग्रंथात लढणारा, हुकूम देणारा आणि माती मळणारा असे तिन्ही, आणि ज्यांनी ग्रंथ जुळवला त्यांनी एकालाही गाळलं नाही. आमच्या दिग्दर्शकाने निदान दोघांना गाळलं असतं.

निर्मात्यांनी तिथेच स्तोत्र ७४ चा जादा भाग मंजूर केला. मी विचारलं, डोकी किती काढू? स्तोत्रात आकडा नाही. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारितला १९२९ पासून खणताना मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतल्या बआल देवाच्या कथेत असाच एक सर्प आहे, सात डोक्यांचा. मी सात काढली. पात्रांना हलते सांधे बसवणाऱ्या रिगिंगवाल्याने तीनवर सौदा केला.