पूररेषेच्या बाहेर बांधलं तर चालेल ना?

पूररेषेचा नकाशा वर्गात लावला की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, रेषेच्या बाहेर बांधलं तर चालेल ना?" आपत्ती-सज्जता आणि हवामान अनुकूलनाचं नियोजन मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवते. हा प्रश्न मी कधीच उडवून लावत नाही. उद्या नियोजनकार म्हणून ही मुलं काम करतील, तेव्हा लोक त्यांना हेच विचारणार आहेत.

रेषा बहुधा शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची असते. तेवढा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का; पण ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. हे गणित मुलं चुटकीसरशी सोडवतात. शिवाय रेषा काढलेली असते जुन्या नोंदींवरून. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, मुसळधार पावसाचा जोर वाढतो आणि जुनी रेषा अपुरी पडत जाते. इथवरचं सगळं संगणकावर शिकता येतं.

नदीकाठी पूर अडवायला घातलेल्या बांधांचं तसं नाही. बांध घातला की लहान पूर थांबतात, लोक निर्धास्त होतात, बांधामागे वस्ती वाढते आणि मग बांधाला न जुमानणारा पूर आला की नुकसान कितीतरी मोठं होतं. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी केवळ बांधांवर भिस्त ठेवण्यातला हा धोका १९४०च्या दशकातच मांडला होता.

नेदरलँड्सने १९९३ आणि १९९५च्या पुरांनंतर नदीलाच जागा द्यायचं ठरवलं. नाइमेखनजवळ लेंट इथे बांध सुमारे ३५० मीटर मागे घेतला, पाण्याला नवी वाट काढून दिली. मुलांना ते आराखडे फार आवडतात. मग मी सांगते की त्यासाठी सुमारे ५० घरं पाडावी लागली. त्यातल्या एखाद्या कुटुंबाला पहिल्या भेटीत तुम्ही काय सांगाल? उत्तरं येतात ती भरपाईची. जायचं कुठे, शेजार टिकेल का, आम्हाला न विचारता हे ठरवलं कुणी, हे प्रश्न कोणाच्या वहीत नसतात. म्हणून आम्ही वर्गात भूमिका वाटून जनसुनावणी घेतो. जलशास्त्रात अव्वल असलेल्यांनाही तिथे घाम फुटतो, आणि फुटायलाच हवा.

१९७०च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात किमान ३ लाख माणसं गेली. २००७चं सिद्र वादळही भयंकर होतं, पण तेव्हा मृतांचा आकडा काही हजारांवर राहिला. मधल्या काळात निवारे उभे राहिले होतेच. त्याहून मोलाचं म्हणजे दारोदार जाऊन इशारा देणारे गावातलेच स्वयंसेवक तयार झाले होते. ओळखीचा माणूस दारात उभा राहून सांगतो, तेव्हा गुरं मागे ठेवून निघायची तयारी होते. हे कौशल्य शिकवता येतं, तपासता येतं, त्याला गुणही देता येतात.

सुनावणीला जलशास्त्राच्या पेपराइतकेच गुण असावेत, असा प्रस्ताव मी अभ्यास मंडळापुढे ठेवला आहे.